दोन्हीकडे वाढलं

प्रयोगशाळेत सगळे त्याला मिलिग्रॅम म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्याला ते ठाऊक होतं आणि त्याची हरकतही नव्हती. एकदा त्याने हे घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली होती, "बरंय की. क्विंटल म्हणाले असते तर मला बाहेर तोंड दाखवायला जागा राहिली नसती."

ती जाऊन आता पाच महिने झाले होते. तेव्हापासून लोक त्याच्याशी कुठलंच नाव घेऊन फारसं बोलत नसत. ज्याचं माणूस गेलंय त्याच्याशी काय बोलावं हे कुणालाच समजत नाही, म्हणून ते कामाचं तेवढं बोलतात आणि दार हळू लावतात.

काम मात्र पूर्वीचंच होतं. बाजारात सेंद्रिय म्हणून येणारी भाजी खरंच सेंद्रिय आहे का, ते सांगायचं. भाजी वाळवायची, दळायची, त्या भुकटीतली चिमटीत मावणार नाही एवढीशी कथलाच्या डबीत घालून तोलायची आणि यंत्रात जाळायची. जळून जो नायट्रोजन निघतो तो यंत्र मोजतं. हा नायट्रोजन दोन तऱ्हेचा असतो, हलका आणि जड. पोत्यातलं खत कारखान्यात हवेपासून बनवतात, त्यात जड कमी. शेणखत कुजताना हलका उडून जातो आणि जड मागे उरतो. खाल्लेलं अंगी लागतं ते भाजीच्याही. जडाचा आकडा मोठा आला तर भाजी शेणखतावरची, शून्याजवळ आला तर पोत्यातल्या खतावरची. मध्ये कुठेतरी एक रेघ मारलेली असते. रेघेच्या वर शिक्का, रेघेच्या खाली नकार.

मळेवाली आली ती एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत. पन्नाशीची बाई, उन्हाने रापलेली, नखांत माती. तिने दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि हाताने सपाट केले.

"साहेब, मी फार शिकलेली नाही. मला एवढं सांगा, सातात आणि चारात फरक असतो की नसतो?"

"असतो."

"हा माझा कागद. सात पूर्णांक एक. हा शेजाऱ्याचा. तीन पूर्णांक नऊ. दोन्हीवर तुमची सही आणि दोन्हीवर शिक्का एकच."

"रेघ साडेतीनला आहे, बाई. तिच्या वर सगळे पास."

"काठावर पास झालेला आणि पहिला आलेला, दोघांनाही एकाच पाटावर बसवता?"

"ही स्पर्धा नाही. हो किंवा नाही, एवढंच आम्ही सांगतो."

"तो पोत्यातलं खत घालतो. रिकामी पोती धुऊन माझ्याच कुंपणावर वाळत टाकतो. लपवतसुद्धा नाही. लपवेल कशाला? तुमचा शिक्का आहे ना." ती आवाज न चढवता बोलत होती. "त्याची भाजी माझ्यापेक्षा हिरवी, माझ्यापेक्षा मोठी. दोन वर्षांत माझी गिऱ्हाइकं त्याच्याकडे गेली. त्यांचा दोष नाही. शिक्का एकच म्हटल्यावर किडकीमिडकी भाजी कोण घेईल?"

"फेरतपासणीचा अर्ज करा."

"आणलाय. पण भाजी पुन्हा जाळून काय मिळणार? पुन्हा चारच येतील. मला वेगळंच विचारायचंय. ही रेघ मारली कोणी?"

त्याने डबा बंद केला. आत अजून अर्धी पोळी होती.

"मी," तो म्हणाला.

"मग तीच तपासा की."

असं म्हणून ती अर्ज ठेवून गेली.

त्या दुपारी त्याने सहा वर्षांपूर्वीची फाइल काढली. इतर ठिकाणच्या रेघा होत्या, पण त्या दुसऱ्या मातीच्या, दुसऱ्या पाण्याच्या. इथल्या भाजीला इथलीच रेघ हवी. म्हणून तेव्हा चार जागी जोडवाफे लावले होते. एका वाफ्याला फक्त शेणखत, शेजारच्याला फक्त पोत्यातलं खत; बी एक, पाणी एक. तीन जागा मळेवाल्यांच्या होत्या आणि चौथी त्याच्या घरामागची. तिथले वाफे बायको बघायची. प्रयोगशाळेत त्या नमुन्यांना कोणी क्रमांकाने ओळखत नसे. वहिनी-एक म्हणजे शेणखताचा, वहिनी-दोन म्हणजे पोत्यातल्या खताचा.

मळेवाल्यांच्या शेणखताच्या वाफ्यांचे आकडे आले होते सहा, सात, पावणेआठ. वहिनी-एकचा आला चार पूर्णांक दोन.

तेव्हा मॅडम नुकत्याच प्रमुख म्हणून आल्या होत्या. त्या म्हणाल्या होत्या, "हा एक आकडा बाजूला ठेवू या, गटात बसत नाही." आणि तो म्हणाला होता, "मॅडम, ते तिघं विकायला पिकवतात. कोणी कोंबडीखत घालून आकडा फुगवला असेल तर आपल्याला कळणार आहे का? हा एकच वाफा असा आहे जो मी रोज डोळ्यांनी बघतो. माझी बायको भाजी विकत नाही. ती खोटं कशाला बोलेल? तिचं शेणखत जर शेणखत नसेल, तर मग कोणाचंच नाही."

ते फाइलीत जसंच्या तसं नोंदलेलं होतं. मॅडमनी मान्य केलं होतं आणि वहिनी-एक आत घेण्यासाठी रेघ साडेपाचावरून साडेतीनवर आली होती. मधल्या वर्षांत वहिनी-एकचे आणखी बरेच नमुने आले. सगळे चाराच्या आसपास. दर वेळी त्याला वाटायचं, बघा, म्हणत नव्हतो?

त्याने फाइल मिटली. तिची वही घरी होती.

शनिवारी लेक आली होती. आईचं कपाट आवरायचं म्हणून ती तीनदा येऊन गेली होती आणि कपाट अजून तसंच होतं. दर वेळी ती एक कप्पा काढायची, पुढ्यात घेऊन बसायची आणि परत लावून ठेवायची. आज ती बियांच्या पुड्या बघत होती. तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही घेऊन बसला.

वही त्यानेच आखून दिली होती. चार रकाने: तारीख, पाणी, वाढ, शेरा. बायको दर शनिवारी लिहायची आणि तो रविवारी त्यातलं प्रयोगशाळेच्या फॉर्मवर उतरवायचा. आता तो पहिल्या पानापासून वाचू लागला. पाणी घातलं, नाही घातलं, अळी दिसली, अळी काढली. कुठे चूक सापडते का ते बघत होता. पाणी कमीजास्त, बी बदललेलं, शेजाऱ्याच्या बागेतलं काही वाहून आलेलं.

"सापडलं का काही?" लेकीने विचारलं.

"काही नाही. झाडं व्यवस्थित होती. हे बघ, 'दोन्हीकडे वाढलं.' पुढच्या शनिवारी, 'दोन्हीकडे वाढलं.' मग, 'दोन्हीकडे वाढलं, एकाला जरा जास्त.' वाढीबद्दल तर तक्रार नाहीच."

लेक पुडी हातात धरून थांबली.

"काय वाढलं?"

"काय म्हणजे? झाडं."

"बाबा, आई झाडाला कधी वाढलं म्हणायची? झाड यायचं, फुटायचं, मान वर काढायचं, नाहीतर रुसून बसायचं. वाढलं म्हणजे ताटात."

तो हसला. म्हणाला, "काहीतरीच. रकान्यावर मी 'वाढ' लिहिलंय ना. वाढ म्हणजे उंची."

"तुम्ही लिहिलंत. पण वाचणार ती होती." तिने वही ओढून घेतली. "हे शेऱ्यात काय आहे? 'एक नंबर हिरमुसलेला, दोन नंबर बघा कसा टवटवीत. शेजारी बसवून एकालाच वाढायचं हे काही खरं नाही. एकाला चमचाभर दिलं.' बाबा, हे कसं वाचलंत तुम्ही?"

त्याने ते वाचलं नव्हतं. फॉर्मवर शेऱ्याचा रकाना नव्हता. तो फक्त 'वाढ' बघायचा आणि समोर लिहायचा: दोन्हीकडे समाधानकारक.

लेक पानं उलटत राहिली. मध्ये मध्ये मोठ्याने वाचत होती, आणि सुरुवातीला तिला हसूच येत होतं. "'दोनलाही शेणखत थोडं वाढलं, नुसत्या पांढऱ्या दाण्यांवर कोण जगेल?' अरे देवा. आठवतं, डॉक्टरांनी तुमची साखर बंद केली तेव्हा काय झालं? घरात सगळ्यांच्याच चहातली साखर अर्धी झाली. मी म्हटलं, आई, माझी काय चूक? तर म्हणे, त्यांच्यासमोर तू गोड पिणार आणि ते बघत बसणार?"

"आणि माझ्या चहात?"

"तुमच्यात अर्धी होतीच की. तुम्हाला काय वाटलं, शून्य होती?"

त्याला शून्यच वाटली होती. नऊ वर्षं त्याला वाटत होतं की आपण बिनसाखरेचा चहा पितो.

प्रयोगशाळा पांढऱ्या खताच्या मोजून पुड्या द्यायची, आठवड्याला एक, वाफा क्रमांक दोनसाठी. पुडी दर आठवड्याला संपायची. हिशोब बिनचूक. तिने त्या पुडीतला एक चमचा इकडे दिला आणि इकडचं ओंजळभर शेणखत तिकडे. ज्याचं त्याला पोटभर आणि वर शेजाऱ्याच्या ताटातलं थोडं. म्हणूनच आकड्यांत फरक दिसायचा, पण हवा तेवढा नाही. एकचा चार, दोनचा दोन. खरे ते सात आणि जवळपास शून्य असायला हवे होते.

"बाबा," लेक म्हणाली. आता ती हसत नव्हती. "हे वाचा."

तिसऱ्या वर्षीचं पान होतं. अक्षर तेच, गोल, ओळ सोडून वर चढणारं. 'यांना सांगितलं, दोन्हीकडे वाढतेय हं. यांना चालणार नसेल तर थांबवते म्हटलं. छान म्हणाले.'

त्याने ती ओळ पुन्हा वाचली. त्याला तो दिवस आठवेना. कुठे बसला होता, काय वाचत होता, ती दारात उभी होती की ओट्याशी, काहीच आठवेना. दोन्हीकडे वाढतेय. भाजी वाढतेय, असंच त्याने ऐकलं असणार. आणि पुढचं ऐकलंच नसणार. छान मात्र तो म्हणालाच असेल. आयुष्यभर तो कामातून मान वर न काढता छान म्हणत आला होता.

"तिने विचारलं होतं मला," तो म्हणाला.

"हो."

"मी रेघ मारली तिच्यावरून."

लेकीने वही मिटून त्याच्यापुढे सरकवली. "आता काय करणार?"

"खात्री करणार. मग कळवणार."

"आईचं नाव येईल त्यात?"

"वहिनी-एक लिहिलंय फाइलीत. सगळ्यांना माहीत आहे वहिनी कोण ते."

"मग राहू द्या ना, बाबा. झाकली मूठ राहू द्या. तिला जाऊन वर्ष नाही झालं आणि तुम्ही तिला ऑफिसात खोटी ठरवणार?"

"मळेवालीचं काय?"

"मला ती कोण ते माहीत नाही. मला आई माहीत आहे." तिने बियांच्या पुड्या परत कपाटात कोंबल्या आणि पिशवी उचलली. जाताना दार तिने हळू लावलं नाही.

रविवारी तो घरामागे गेला. दोन्ही वाफे सुकले होते. पाच महिने तो पाणी तेवढं घालत होता, तेही आठवेल तेव्हा. पण नळाजवळ एक तुकडा होता, घरच्या भाजीचा. त्याला क्रमांक नव्हता, वही नव्हती आणि पुडीही नव्हती. तिथे ती नुसतं शेणखत आणि पालापाचोळा टाकायची. बी पडून पडून तिथे पालक आपोआप उगवला होता. त्याने मूठभर पालक खुडला, धुतला आणि कागदात गुंडाळला. घरचीच भाजी, पण खुडताना कोणाच्या तरी मळ्यात न विचारता शिरल्यासारखं त्याला वाटलं.

सोमवारी वाळवला. मंगळवारी दळला. कपाटात वहिनी-एकच्या शेवटच्या नमुन्याची कुपी होती, तीही काढली. बुधवारी दोन्ही जाळले, प्रत्येकी तीन वेळा. वहिनी-एक: चार पूर्णांक एक. नळाजवळचा पालक: सात पूर्णांक चार.

माती तीच, पाणी तेच, हात तोच.

त्यानंतर आठवडाभर त्याने काही केलं नाही. नेहमीसारखा आला, नेहमीसारखी भुकटी तोलली. मळेवालीच्या अर्जाला उत्तर सोपं होतं: 'दोन्ही नमुने विहित मर्यादेत आहेत.' असं उत्तर त्याने पूर्वी पुष्कळांना दिलं होतं. लेक म्हणत होती ते खोटं नव्हतं. कोणाला कळणार होतं? एक पालकाची मूठ, ती तर जळून गेली. आणि रेघ तशीच राहिली तर वहिनी-एक कपाटात राहणार, यंत्र बरोबर मोजतंय का ते पाहायला दर महिन्याला निघणार, कोणीतरी विचारणार, "वहिनी लावलीस का?" तिचं नाव घेतलं जाई ते एवढंच. घरी तर नाव घ्यायला कोणी उरलंच नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी एक नमुना आला, कोबी. तीन पूर्णांक सहा. पोत्यातल्या खतावरचा कोबी आहे हे त्याला आता दिसत होतं, जसं दुधात पाणी आहे हे दुधवाल्याला दिसतं. शिक्क्याचा कागद सहीसाठी पुढे आला. त्याने पेन उघडलं आणि तसंच धरून बसला. मग टोपण लावून पिशवीतून तिची वही काढली आणि मॅडमच्या खोलीत गेला.

मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. वही वाचली. 'नुसत्या पांढऱ्या दाण्यांवर कोण जगेल' इथे त्यांच्याही चेहऱ्यावर काहीतरी हललं. मग त्यांनी वही मिटली.

"सहा वर्षं," त्या म्हणाल्या. "कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं."

"हो."

"दुरुस्तीचा फॉर्म भरावा लागेल. वहिनी-एक, वहिनी-दोन संचातून बाद. रेघ परत साडेपाचला. शिक्के मिळालेल्या सगळ्यांची फेरतपासणी." त्यांनी ड्रॉवरमधून फॉर्म काढला. "कारणाच्या जागी लिहा: वाफ्यांची निगा राखणाऱ्या व्यक्तीची चूक."

त्याने फॉर्म घेतला, पण लिहिलं नाही.

"ते खरं नाही, मॅडम."

"दोन्ही खतं दोन्हीकडे घातली. यात खरं नसण्यासारखं काय आहे?"

"घातली ते खरं. पण तिने ते दर आठवड्याला लिहून ठेवलं. मला तोंडी विचारलं, चालत नसेल तर थांबवते म्हणाली. मी छान म्हटलं. वाचायचं काम माझं होतं. वाफा सांभाळणाऱ्याने प्रामाणिकपणे नोंद केली, विश्लेषकाने ती वाचली नाही. कारण ते आहे."

मॅडमनी चष्मा काढला. "हे बघा. मी तुमच्या भल्याचं सांगते. त्या आता नाहीत. त्यांचं काही जाणार नाही. विश्लेषकाची चूक असं लिहिलंत तर तुमचा सहीचा अधिकार मला काढावा लागेल, माझ्या मनात असो वा नसो. तीन वर्षं राहिलीत तुमची. ती काय भाज्या धुण्यात घालवणार?"

"धुवायलाही कोणीतरी लागतंच."

"विनोद करू नका."

"नाही करत."

"त्या असत्या तर त्यांनी काय सांगितलं असतं?"

तो विचार करू लागला. ती काय म्हणाली असती ते त्याला खरंच माहीत नव्हतं. तिचं म्हणणं नीट ऐकलं असतं तर कदाचित माहीत असतं. "माहीत नाही," तो म्हणाला, आणि टेबलाच्या कडेवरच फॉर्म ठेवून लिहिला. 'साप्ताहिक नोंदींचा अर्थ लावण्यात व शेरे वाचण्यात विश्लेषकाची चूक. वाफे सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या नोंदी पूर्ण व खऱ्या आहेत.' खाली सही केली. सहीच्या अधिकारातली ती शेवटची.

वही पुरावा म्हणून फाइलीला जोडावी लागली. मॅडम म्हणाल्या, छायाप्रत काढून घ्या. त्याने काढून घेतली आणि भरलेल्या फॉर्मच्या प्रतीसकट ते कागद लेकीला पाठवले. तिचं उत्तर आलं नाही. आठवड्याने फोन आला तेव्हा ती त्याच्या औषधांबद्दल बोलली. फोन ठेवताना मात्र म्हणाली, "कारण वाचलं मी. बरं केलंत." मग लगेच म्हणाली, "कपाट राहू दे, मी येईन."

दीड महिन्यात फेरतपासणी झाली. एकोणीस जणांचे शिक्के गेले. त्यातले काही प्रयोगशाळेच्या दारात येऊन ओरडून गेले. त्याची बदली धुण्याच्या खोलीत झाली. तिथे एक लांब हौद, तीन नळ, कापायची फळी आणि वाळवायच्या कपाटाची घरघर. आलेल्या भाजीची माती काढायची, मुळं छाटायची, तुकडे करून ताटल्यांत पसरायचे आणि प्रत्येक ताटलीला क्रमांक लावायचा. तिथे त्याला कोणी मिलिग्रॅम म्हणत नसे. पहिल्या दिवशी बाद नमुन्यांच्या कुप्या रिकाम्या करायचं काम आलं; त्यात वहिनी-एकचीही होती. ते त्याने जेवणाआधी उरकलं.

मळेवाली नवा कागद घ्यायला आली आणि त्याला शोधत धुण्याच्या खोलीत पोचली.

"तुम्ही इथे कसे? यावर सही दुसऱ्याचीच आहे."

"माझी चालत नाही आता."

ती दारातच उभी राहिली. तो गाजरं धूत होता.

"चूक निघाली म्हणे रेघेत."

"निघाली."

"यंत्राची?"

"नाही. माझी."

त्याला वाटलं होतं, ती म्हणेल, होतं असं. किंवा म्हणेल, निदान कबूल तरी केलंत. त्याने दोन्ही वाक्यांची उत्तरं मनात तयार ठेवली होती.

"शेजाऱ्याचा शिक्का गेला," ती म्हणाली. "पण त्याला काय. आता बिनशिक्क्याची विकतो, तीही खपते. माझा अर्धा मळा मी गेल्या महिन्यात त्यालाच कसायला दिला. माणसं ठेवणं परवडेना. म्हणजे शिक्का आहे, पण शिक्का मारायला भाजी अर्धीच. आणि त्या अर्ध्यात तो पोती ओततोय. ती माती परत पहिल्यासारखी होईल तेव्हा मी तर नसेनच."

"दोन महिने आधी कळलं असतं तर..."

"दोन महिने नाही, दोन वर्षं." तिने कागदाची घडी घालून कनवटीला लावावी तशी पिशवीच्या तळाशी ठेवली. "जाऊ दे. झालं ते झालं."

ती वळली तेव्हा त्याने थांबवलं. मॅडमनी त्याच्यावर एक काम टाकलं होतं: संचात दोन वाफे कमी पडत होते, नव्या जोडवाफ्यांसाठी कोणीतरी खात्रीचं माणूस बघा. त्याने हात पुसले आणि फळीवरून फॉर्म आणला.

"उरलेल्या अर्ध्यात दोन वाफे द्याल का प्रयोगशाळेला? एकाला फक्त शेणखत. शेजारच्याला फक्त पोत्यातलं, पुडी आम्ही देऊ. पुडीतला दाणासुद्धा इकडे यायला नको आणि शेणखताचं ढेकूळ तिकडे जायला नको. दर शनिवारी नोंद. उंची पट्टीने मोजून लिहायची, सेंटिमीटरमध्ये."

"एवढंच?"

"एवढंच. पण अवघड आहे ते. सुरुवातीला शेणखताचा वाफा मागे पडतो. पानं पिवळी दिसतात. शेजारचा तरारतो. बघवत नाही असं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"म्हणतात."

मळेवालीने फॉर्म उलटसुलट करून पाहिला आणि सही कुठे करायची ते दाखवायला सांगितलं.

"बघवायचं काय त्यात?" ती म्हणाली. "रोपंच ती."

तिने सही केली. त्याने पहिल्या चार पुड्या मोजून तिच्या हातात दिल्या, कोणत्या वाफ्यासाठी ते पुन्हा एकदा सांगितलं, आणि ती म्हणाली, कळलं हो, एकदा सांगितलंत की कळतं. ती गेल्यावर त्याने नळ सोडला. हौदात गाजरं अजून बरीच होती, आणि त्यातली माती निघत नव्हती.